जिझोचे कोरडे पाय

सकाळपासून किनुएचा पाय घरात ठरत नव्हता. भात चढवला की नदीवर चक्कर. मासे भाजायच्या काड्या तासायला बसली, की चार काड्या होतात न होतात तोच पुन्हा नदीवर. चाळिशी उलटलेली बाई, पण चाल अशी, की जणू परीक्षेच्या निकालाला निघालेली पोर.

गावावर पाऊस नव्हता. पाऊस वर होता, डोंगरात. कुरोमोरीचं शिखर काल दुपारी ढगात शिरलं ते अजून बाहेर आलं नव्हतं. खाली मात्र ऊन-सावली चालली होती, कापल्या शेतांत भाताच्या पेंढ्या उभ्या होत्या, पर्सिमनची केशरी फळं फांद्या वाकवून लोंबत होती. परक्यानं पाहिलं तर म्हणावं, काय शांत शरद आहे! पण डोंगराची बातमी आधी नदीला कळते. काल ती हिरव्या चहासारखी होती. पहाटे भाजक्या जवाच्या चहासारखी झाली. आणि आता, जेवणवेळेच्या आधीच, तिच्यात कुणीतरी सोयाबीनचा तपकिरी मिसो कालवला होता.

त्या पाण्यात त्यांच्या घरचा याना, मासे धरायचा सापळा, उभा होता. दोन्ही काठांकडून दगडांचे आणि ओंडक्यांचे बांध तिरके आत आणलेले, सगळी नदी मधल्या एका तोंडातून यायची, आणि त्या तोंडापुढं खांबांवर कललेली बांबूची ताटी, पाच तुकड्यांची. पाणी बांबूंच्या फटींतून गळून जायचं, मासे वर तडफडत राहायचे. उन्हाळाभर शहरातून माणसं यायची. अनवाणी ताटीवर चढून हातांनी आयू मासे धरायची, किंचाळायची, घसरायची, ओलीचिंब व्हायची. मग काठावरच्या झोपडीत निखाऱ्यांभोवती बसून तोच मासा, मीठ लावून काडीवर भाजलेला, डोक्यासकट खायची. झुलता पूल बघायचा, धबधबा बघायचा, याना बघायचा, आयू खायचा, आणि परत जायचं. एवढ्या येण्याजाण्यावर हे गाव तग धरून होतं.

पण खरा हंगाम आत्ताचा. शरदात आयू गाभोळीनं जड होतो आणि अंडी घालायला खालच्या पाण्याकडे उतरतो. एकेकटा उतरत नाही. दगडाआड, डोहाआड दबा धरून सगळे वाट बघतात. वर मोठा पाऊस झाला, नदी गढुळली, चढली, की एका दमात निघतात, सगळे. वर्षाचं सोनं त्या एका चढत्या पाण्यात. आणि वर्षाचं मरणही त्यातच. ताट्यांचे बंध कापून त्या लवकर सोडल्या तर मासे गेले. उशिरा सोडल्या तर वाहून आलेली झाडं ताट्यांना अडकतात, पाणी तटतं, आणि खांबांसकट सगळा याना मुळापासून उपटून घेऊन जातं.

"यंदा गेला तर गेलाच म्हणा," असं शेजारचा गेंझोकाका उन्हाळ्यातच बोलून बसला होता. "मी सत्तरीचा. तुझा सासरा अंथरुणात. उरला तुझा शोहेई. एकट्यानं काय दातांनी खांब रोवणार आहे?"

एके काळी खांब ठोकायला गावातले वीस-वीस गडी उतरायचे. लाकडी धुम्मस चौघांनी मिळून उचलायची, आणि ती खाली आदळताना सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं:

*ये गं नदी, बैस नदी, बांबूच्या या खाटेवर,*
*मासे तेवढे ठेवून जा, आणि लाग वाटेवर.*

किनुए लग्न होऊन आली तेव्हा हे गाणं काठावरून ऐकू यायचं. आता तीच कधीमधी मासे धुताना गुणगुणायची. आज मात्र दुसरी ओळ तिच्या ओठांवर येईना. उद्या नागोयाहून बसभर पाहुणे यायचे होते, फक्त गाभोळीच्या आयूसाठी. मासे तर हवेतच. पण याना गेला, तर पुढल्या वर्षी बस कुठं थांबणार, आणि कशासाठी?

ताट्या कधी सोडायच्या, हे सांगायचा मान एकाच माणसाचा, तिच्या सासऱ्याचा, इसाकुचा. पन्नास वर्षं त्याचा शब्द चुकला नव्हता. वसंतात माळ्यावरून पडून त्यानं कमरेचं हाड मोडून घेतलं, महिनेच्या महिने इस्पितळात काढले आणि आता महिनाभर घरी, नदीच्या बाजूच्या खोलीत पडून होता. तिथून नदी ऐकू यायची, दिसायची नाही. मध्ये बांबूचं बन होतं.

किनुए घरात आली तेव्हा तो डोळे मिटून पडला होता. पण तिच्या पावलांवर त्याचे कान होतेच.

"किती वेळा जाऊन आलीस?"

"दोनदा."

"खोटं. पाच वेळा. वहाणा वाजतात तुझ्या." एक डोळा उघडून तो म्हणाला, "जिझो कसा आहे?"

"बरा आहे, बाबा."

"पाय भिजले?"

"नाही. कोरडे आहेत अगदी."

"मग बस जरा. गाजरासारखी ताठ उभी काय राहतेस? मला चहा दे, तूही घे. अजून पुष्कळ वेळ आहे."

तिनं चहा दिला. स्वतः घेतला नाही. जिझोची त्याला किती काळजी, या विचारानं तिला एरवी भरून आलं असतं. गावातल्या सगळ्यांना ठाऊक होतं, पाऊस लागला की इसाकु छत्री घेऊन नदीकाठच्या जिझोकडे जायचा. हात जोडून, मान खाली घालून, मिनिटभर त्या दगडी देवाच्या पायांकडे बघत उभा राहायचा. लहान मुलांचा, वाटसरूंचा राखणदार तो. तीन वर्षांच्या पोराएवढा, गोल डोक्याचा, पाण्यानं झिजून नाकडोळे पुसट झालेला. "इसाकुसारखा भाविक नाही," असं म्हाताऱ्या बाया म्हणायच्या.

त्या जिझोचं किनुएनं वसंतात एक काम केलं होतं. तो बसवलेला होता अगदी खाली, पाण्याच्या कडेला, दगडगोट्यांत. जरा नदी चढली की बिचारा चिखलात. गळ्यातलं लाल लाळेरं कुजून चिंधी झालेलं. सासरा इस्पितळात होता तेव्हा तिला वाटलं, बाबा रोज ज्याच्यापुढं हात जोडायचे त्याचे पाय असे गारठलेले. बाबांचीही हाडं अशीच दुखत असतील. गेंझोकाकाला हाताशी धरून तिनं जिझोला उचलून वर आणलं, काठाच्या पायऱ्यांपैकी तीन पायऱ्या वर, चेरीच्या झाडाखाली. नवं लाल लाळेरं शिवलं. पाहुणे तिथं उभं राहून फोटो काढायला लागले. सासऱ्याला मुद्दामच सांगितलं नाही. चालायला लागले की हात धरून नेऊ आणि दाखवू, बघा बाबा, तुमच्या देवाला कोरडी जागा दिली.

दुपार कलली तशी किनुए टोपल्या घेऊन झोपडीवर गेली. तिथं तिचा नवरा शोहेई आणि गेंझोकाका दोघंही कमरेला दोर बांधून तयार बसले होते. गेंझोकाका भाताचा गोळा खात होता.

"काय म्हणतो म्हातारा?" तोंडात घास ठेवूनच त्यानं विचारलं.

"अजून वेळ आहे म्हणाले."

"मग आहेच. माझ्या बायकोनं सांगितलं असतं तर मी आत्तापर्यंत डोंगरावर पळालो असतो. पण इसाकु म्हणतो ना!"

शोहेई ताटीच्या वरच्या टोकाकडं बघत होता. नवरा गप्प असला की किनुएचा जीव आणखी वरखाली व्हायचा. बोलणारा माणूस निदान कुठं आहे ते तरी कळतं.

"अहो, पाणी दुपारपासून केवढं चढलं बघा. त्या डाव्या बांधाचे दगड दिसत नाहीत आता."

"दिसतंय मला."

"मग?"

"मग काय? बाबांचा शब्द यायचाय." त्यानं कमरेच्या दोराची गाठ तपासली. "गेली पंधरा वर्षं मीच दोर कापतो, किनुए. पण कधी कापायचे ते मला अजून कळत नाही. मी नुसतं पाणी बघतो, आणि पाणी मला नेहमीच भीतीदायक वाटतं."

तेवढ्यात ताटीवर काहीतरी चमकलं. एक आयू, मग दोन, मग एकदम सात-आठ. आडव्या बांबूंवर चांदीच्या सुऱ्या कुणी फेकाव्यात तसे. गेंझोकाकानं भाताचा गोळा तसाच टाकला आणि "आले रे!" म्हणून आरोळी ठोकली. शोहेई काठावरून ताटीवर टाकलेल्या फळीवरून धावला. पोट फुगलेले, पिवळट झाक आलेले, अंगावर शरदाचा तांबूस पट्टा ओढलेले मासे. त्यांनी ओंजळींनी, जाळीनं गोळा करून पहिली टोपली भरली. किनुए हसली, आणि हसता हसताच तिचं लक्ष खांबांकडं गेलं. मधल्या खांबाला तिनं हात लावला. तो आतून गुणगुणत होता. दातदुखी ठणकते तसा.

नदीच्या तळातून गडगड ऐकू येत होती. मोठे दगड तळाशी लोळायला लागले होते.

फोन वाजला. बसबरोबर येणारी बाई होती. "किनुएसान, मासे असतील ना नक्की? गेल्या खेपेला आम्हाला मशरूमवर बोळवलंत तुम्ही. लोक अजून मला टोमणे मारतात हो."

"असतील," किनुए म्हणाली. "आत्ताच पहिली टोपली भरली."

"देवच पावला!"

देव म्हणताच किनुएनं पायऱ्यांकडं पाहिलं. जिझो चेरीखाली निवांत उभा होता. लाळेरं वाऱ्यानं फडफडत होतं. पाणी त्याच्यापासून चांगलं दोन पायऱ्या खाली. पाय कोरडे. त्याच्याकडं बघून तिला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. सगळं हलत होतं, नदी, खांब, झाडं. एक तोच काय तो स्वस्थ, सणासुदीला आलेल्या पाहुण्यासारखा.

दुसरी टोपली भरली. किनुए पुन्हा घरी पळाली, वहाणा हातात घेऊन.

"बाबा, मासे यायला लागले."

"ऐकलं. गेंझोची आरोळी शेजारच्या खोऱ्यात गेली असेल."

"पण खांब थरथरताहेत. मी हात लावून बघितलं. आणि तळातले दगड लोळताहेत."

इसाकुच्या कपाळाला आठी पडली. "दगड लोळताहेत? एवढ्यात?" मग तो म्हणाला, "जिझो?"

"तसाच. पाय कोरडे."

"नीट बघितलंस?"

"आत्ता बघून आले."

"मग तुला भास झाला. नदी मोठ्यानं बोलली की बायकांना शिवी दिल्यासारखं वाटतं. पाणी जिझोच्या गुडघ्याला लागल्याशिवाय ताटीला हात लावायचा नाही."

किनुए दारात वळली होती, ती तशीच थांबली. "गुडघ्याला?"

"गुडघ्याला. झग्याची खालची चुणी आहे ना दगडात, तिथं."

"बाबा, जिझोच्या गुडघ्याचा आणि ताटीचा काय संबंध?"

म्हाताऱ्यानं एकदा दाराकडं पाहिलं, शोहेई नाही ना कुठं, आणि मग वांड पोरासारखा हसला. "आता कुणाला तरी सांगायलाच हवं. तुला काय वाटलं, मी पूजेला जात होतो तिथं? माझ्या आज्यानं बसवला तो, बरोब्बर जागा धरून. पायाला पाणी लागलं की टोपल्या काढायच्या. पोटरीला लागलं की विळ्यांना धार लावायची. गुडघ्याला लागलं की कापायचे दोर, मग ताटीवर सोनं पडत असलं तरी. ज्याच्या हाती याना, त्यालाच ही गोष्ट सांगायची, असं आमच्यात आहे. गाव मला भाविक म्हणतं. मी म्हणू दिलं. फुकटचं पुण्य कुणाला नको?"

ज्या देवाच्या कोरड्या पायांची वार्ता किनुए दिवसभर हौसेनं आणत होती, ते पाय कोरडे तिनंच केले होते.

"बाबा, जिझो तिथं नाहीये."

"तिथं नाही म्हणजे? गेला कुठं, आंघोळीला?"

"मी हलवला. वसंतात. त्याचे पाय भिजायचे म्हणून... तुम्हाला दाखवणार होते मी. चेरीखाली ठेवलाय, वरच्या बाजूला."

इसाकुचं हसू चेहऱ्यावरच वाळलं. "किती वर?"

"तीन पायऱ्या. आता पाणी त्याच्या पायांच्या जेमतेम खाली."

म्हाताऱ्याचे ओठ हलले. डोळ्यांपुढं तो पायऱ्या बघत होता, एकेक उंची, एकेक दगड. "म्हणजे जुन्या जागेवर असता तर..." त्यानं हात स्वतःच्या छातीवर नेला, मग वर, गळ्यावर. "गळ्याला लागलं असतं त्याच्या. अगं, मग उभी काय राहिलीस? पळ! कापा म्हणावं! सगळे कापा!"

ती कशी पळाली ते तिचं तिलाच कळलं नाही. बांबूच्या बनातून जाताना वहाणा हातातून कुठं पडल्या तेही नाही. बनाबाहेर आली आणि नदी समोर उभी राहिली. मघाची नदी नव्हे ती. मघाची बाई होती, ही घोड्यांची झुंड होती.

आणि ताटीवर चांदी ओसंडत होती.

तिनं आयुष्यात एवढे आयू पाहिले नव्हते. एकावर एक, एकाखाली एक, सगळी ताटी जिवंत झाली होती. गेंझोकाका फावड्यानं मासे टोपलीत ओढत होता, लहान पोरासारखा खिदळत होता. त्याचे केस ओले, चेहरा ओला, त्यात डोळ्यांतलं पाणी किती आणि नदीचं किती, कुणी सांगावं.

"सोडा!" किनुए ओरडली. "अहो, कापा दोर!"

शोहेईनं मान वर केली. "आत्ता? आत्ता तर कुठं यायला लागलेत!"

"बाबांनी सांगितलंय!"

"एवढी तिसरी टोपली भरू दे. अशी रात माझ्या जन्मात—" दिवस होता, तरी तो रात म्हणाला. त्याला वेळेचं भान नव्हतं.

"टोपली मरू दे! जिझो चुकीच्या जागी आहे, मीच ठेवलाय. कधीच उशीर झालाय!" त्याला काही कळलं नाही. कळायला वेळही नव्हता. तिनं झोपडीच्या कुडात खोचलेला विळा उपसला आणि तशीच, दोर न बांधता, फळीवर चढली.

दोन पावलं गेली असेल. शोहेईनं तिचं मनगट पकडून तिला मागं ओढलं, विळा हिसकावून घेतला, आणि तिच्या तोंडाकडं एकदाच पाहिलं. वीस वर्षांच्या संसारात त्यानं तिचं असं तोंड पाहिलं नव्हतं. "काका, माझा दोर धरा," एवढंच तो म्हणाला.

ताट्यांचे बंध भाताच्या काडाचे असत, तारेचे कधीच नाहीत, ते याच दिवसासाठी. विळ्याच्या एका ओढीत तुटावेत म्हणून. आणि प्रत्येक ताटीला एक लांब दोर काठावरच्या जुन्या झाडाला बांधलेला, म्हणजे सुटलेली ताटी वाहून जात नाही, नदीच तिला आणून काठाला लावते. गेंझोकाका आणि किनुए दोघांनी शोहेईच्या कमरेचा दोर धरून टाचा चिखलात रोवल्या. पहिला बंध तुटला. ताटी डोकं खाली घालून पाण्यात शिरली, तिच्यावरची सगळी चांदी एका श्वासात दिसेनाशी झाली. दुसरी. तिसरी. गेंझोकाका प्रत्येक वेळी "आई गं" म्हणत होता, काटा काढावा तसा. चौथी सुटली आणि नदीचा आवाज बदलला. कोंडलेला माणूस दार उघडल्यावर श्वास टाकतो, तसा.

पाचवी पलीकडच्या टोकाला होती. शोहेई तिकडं वळला तेवढ्यात वरून एक आख्खं देवदाराचं झाड आलं, मुळांसकट, हळूच, जणू वाट चुकलेलं. किनुएनं आणि गेंझोकाकानं काही न बोलता दोर खेचला. शोहेई फळीवर पालथा पडला, फरपटत काठाला आला. झाडानं पाचवी ताटी बगलेत मारली, तिच्याखालचे दोन खांब कडाडले, काठाचा दोर तुटला आणि झाड, ताटी, खांब सगळंच वळणाआड गेलं.

बाकीचे खांब थरथरत उभे राहिले. पाणी त्यांच्यामधून सरळ जात होतं. आणि त्या पाण्यातून मासे जात होते, दिसत नव्हते, पण जात होते. मध्येच एखादी पाठ चमकायची, की कळायचं.

गेंझोकाका चिखलात बसला. "ठेवून जा म्हटलं होतं," तो नदीकडं बघत म्हणाला. "गाण्यात. एवढं स्पष्ट म्हटलं होतं."

अंधार पडायच्या आत शोहेई आणि किनुए घरी आले. इसाकु उशीवर कोपर टेकून अर्धवट उठून बसला होता. असं बसायची त्याला मनाई होती.

"खांब?"

"दोन गेले," शोहेई म्हणाला. "बाकीचे आहेत."

"मासे?"

"पावणेतीन टोपल्या. बाकी सगळे गेले."

"जाऊ दे. अंडी घालायलाच निघाले होते बिचारे." म्हातारा मागं टेकला.

किनुएनं जमिनीवर कपाळ टेकलं. ओल्या केसांचं पाणी चटईवर ठिपकत होतं. "माझ्यामुळं झालं, बाबा."

"ऊठ. चटई भिजतेय. तू हलवला आणि मी सांगितलं नाही. दोघांनी मिळून बुडवलं असतं." मग तो मुलाकडं वळला आणि जिझोची सगळी गोष्ट त्यानं पुन्हा सांगितली, पाय, पोटरी, गुडघा. या खेपेला तो हसला नाही.

शोहेईनं ऐकून घेतलं. त्यानं ओल्या बाहीतलं पाणी पिळून टाकलं. "पन्नाशीला आलो मी, बाबा. दर वर्षी त्या फळीवर मी उभा असतो. मला कधी सांगणार होतात?"

"सांगितलं असतं म्हणजे याना तुझा झाला असता."

"मग?"

"मग मी काय करायचं होतं?" म्हातारा छताकडं बघत म्हणाला. "खरंच पूजेला लागायचं?"

किनुए उठली आणि निखारे फुलवायला गेली. उद्याची बस काही थांबणार नव्हती.

बस आली. नदी गढूळच होती, ताटीवर चढायला ताटीच नव्हती. पाहुण्यांनी काठावरून खांब बघितले, फोटो काढले, आणि झोपडीत बसून प्रत्येकी एक एक गाभोळीचा आयू खाल्ला. दुसरा मिळाला नाही. त्याऐवजी किनुएनं जाड काड्यांवर थापून, अक्रोडाचा मिसो लावून भाजलेला भात वाढला. बसची बाई म्हणाली, "मशरूमपेक्षा बरं," आणि डोळे मिचकावले.

पाणी उतरायला आठवडा लागला. मग एका सकाळी गेंझोकाकानं इसाकुला पाठीवर घेतलं. "तरुणपणी मी दारू प्यालो की तू मला घरी आणायचास," तो पायऱ्या उतरताना म्हणाला, "आज फिटलं."

"तेव्हा तू हलका होतास."

"आता तू जड आहेस. जीभच पाच किलोची."

त्यांनी त्याला दगडावर बसवलं. शोहेई आणि किनुएनं जिझोला चेरीखालून उचललं आणि एकेक पायरी खाली आणलं. जुन्या जागी दगडांत त्याच्या बुडाएवढा खळगा अजून होता. किनुए पोटऱ्यांएवढ्या पाण्यात उतरली. शरदाचं पाणी, हाडात शिरणारं. जिझो खळग्यात बसला तेव्हा खालचं वाळूचं पाणी गढुळलं आणि मग निवळलं. नदीच्या कडेची एक बारीक लाट त्याच्या बोटांपर्यंत येऊन परत गेली.

"जरा डावीकडं वळव," इसाकु म्हणाला. "तोंड वरच्या बाजूला हवं. पाणी येतंय कुठून ते दिसायला नको त्याला? आता हात लाव. ती चुणी सापडली?"

किनुएनं वाकून दगडावर बोटं फिरवली. झिजलेल्या झग्यात एक आडवी खाच होती, तिच्या करंगळीएवढी खोल. इतकी वर्षं ती या दगडाला लाळेरं बांधत होती, आणि ही खाच तिला कधी दिसली नव्हती. "सापडली. अहो, तुम्हीही बघा." तिनं शोहेईचा हात धरून तिथं नेला.

"मलाही दाखवा की," गेंझोकाका काठावरून म्हणाला. "मी काय फक्त माणसं वाहायला?"

"ये, तूही ये," इसाकु म्हणाला. "आता काय, दवंडीच पिटा."

पुलावरून दोन पाहुण्या बाया उतरून आल्या होत्या, गळ्यात कॅमेरे. त्यातली एक कळवळून म्हणाली, "अगंबाई, इथं कशाला ठेवताय? बिचाऱ्याचे पाय भिजतील की हो! ते वरचं झाड किती छान होतं."

किनुएनं मान वर केली. वसंतात ती स्वतः अशीच बोलली होती, याच आवाजात. "भिजू देत," ती म्हणाली. "कोरडं राहायला नाही बसवलेला तो. पाणी मोजायला बसवलाय." आणि तिनं खाच, पोटरी, पाय सगळं त्यांना सांगितलं. बायांनी ऐकलं, "किती गोड गोष्ट!" म्हणून हसल्या, आणि तरीही हात जोडून उभ्या राहिल्या.

किनुएही पाण्यातच उभी होती. नवं लाल लाळेरं सोडावं की राहू द्यावं, तिला ठरवता येईना. कुजेल, पुन्हा चिंधी होईल. शेवटी तिनं गाठ घट्ट केली. मग सवयीनं तिची नजर वर गेली, कुरोमोरीकडं. शिखराच्या मागं, अगदी टोकाला, एक ढग बसला होता. लहानसा. पांढरा. असेल काही नसेल.

"बाबा," ती म्हणाली, "तो ढग बघा."

"मला काय विचारतेस?" म्हातारा दगडावरून म्हणाला. "त्याला विचार."

ती वाकली आणि जिझोच्या पायांकडं बघू लागली.